आधी रेंज, मग रिचार्ज!

नरकचतुर्दशीची पहाट. अभ्यंगस्नाने आटोपली होती, तुळशीपाशी कारिटे फुटली होती आणि ओटीवर पोह्यांच्या पाच तऱ्हा मांडून ठेवल्या होत्या. पण पानावर माणूस नाही! मुंबई, ठाणे, पुणे येथून आलेले आमचे सारे गणगोत अंगणाच्या कडेला फणसाखाली गोळा झालेले. प्रत्येकाचा एक हात वर आणि त्या हातात मोबाईल. धाकटा पुतण्या गडग्यावर चढलेला, मेहुणे टाचा उंचावून उभे, आणि वहिनी चार पावले पुढे, दोन मागे असा काही नवाच फेर धरून राहिलेल्या. एखाद्या परक्या गृहस्थाने हा देखावा पाहिला असता, तर या घराण्यात दिवाळीला फणस पुजण्याची चाल आहे अशीच त्याची समजूत झाली असती.

पूजा फणसाची नव्हती, रेंजची होती. राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत रेंज मिळे ती त्या झाडाखाली. तीही दैव अनुकूल असले तर. आणि गंमत अशी, की त्या झाडाखाली उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाचे रिचार्ज चालू होते. पैसे भरलेले होते, मुदत शिल्लक होती. कोणाला रोज दीड जीबी, कोणाला दोन, कोणाला वर सिनेमे पाहण्याची सवलत. सगळे काही होते. फक्त ज्यासाठी फोन बाळगायचा, ते तेवढे नव्हते.

सणाच्या दिवशी कडू बोलू नये म्हणतात. पण कारिटाचा कडू बी जिभेला लावल्यावाचून दिवाळीचा फराळ सुरू होत नाही, हीही आपलीच रीत आहे. तेव्हा वाचकहो, आज थोडे कडू बोलतो. माझे म्हणणे एवढेच आहे: खेड्यात विकत घ्यायची असते ती रेंज; प्लॅन नव्हे. आणि रेंज न दाखवता नुसता प्लॅन विकणे हा व्यापार सरळ नाही, मग त्याला कितीही झगझगीत नाव द्या.

एसटीचेच उदाहरण घ्या. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पहिली एसटी धावली. तेव्हापासून कंडक्टरने आपल्याला कितीदा तरी दरडावले असेल, सुटे पैसे मागून छळले असेल; पण गाडी फाट्यावर येण्याआधी त्याने कधी तिकीट फाडले नाही. मोबाईलच्या धंद्यात मात्र तिकीट आधी फाडतात, २८ दिवसांचे फाडतात, आणि गाडी तुमच्या वाडीला येते की नाही, ते तुम्ही फाट्यावर उभे राहून स्वतः पाहायचे. आली नाही तर तिकिटाची मुदत संपते; गाडीचे काही बिघडत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. २०२३ च्या आषाढातली गोष्ट. आमची काकू वाडीत एकटी राहते. वय पंच्याहत्तरीच्या घरात, पण पाठ ताठ आणि जीभ त्याहून ताठ. तिच्याकडे साधा, आकड्यांच्या बटणांचा फोन. त्याचे रिचार्ज मारण्याचा मान माझ्याकडे. ठाण्यातल्या कचेरीत पंख्याखाली बसून, दोन घटकांचे काम दोन बोटांत उरकून, मी तिला ८४ दिवसांचा पॅक मारून दिला होता. रोज दीड जीबी! मनात म्हटले, काकूसाठी हात आखडता घ्यायचा नाही.

एका सकाळी परसात न्हाणीच्या चिऱ्यावरून तिचा पाय घसरला आणि घोटा मोडला. फोन कनवटीला होता. तिने तो काढला, शेजाऱ्यांना लावला, मला लावला, पुन्हा शेजाऱ्यांना लावला. परसात रेंज नाही. पाऊस धो धो कोसळत होता; हाक मारली तर कौलांवरच्या पावसात विरून जात होती. फणस घराच्या दुसऱ्या अंगाला, पन्नास पावलांवर. पण मोडक्या घोट्याला पन्नास पावले म्हणजे काशीयात्रा. दुधाच्या रतिबाची बाई परसदारी आली तेव्हा दोन तास होऊन गेले होते.

रुग्णालयात प्लास्टर घालून पडली असताना तिने मला विचारले, “अरे, तू ते रोज दीड का काय ते भरतोस, त्याचे करायचे काय असते?” मी डेटा म्हणजे काय ते समजावू लागलो. ती म्हणाली, “माझ्या फोनवर चित्रे दिसत नाहीत. मग ते उरलेले जाते कुठे?” मी म्हटले, “रात्री बारा वाजले की संपते.” त्यावर ती एवढेच म्हणाली, “उरलेले अन्न गुराला तरी घालता येते रे!”

मी पुढे हिशेब केला. ८४ दिवसांचे १२६ जीबी मी तिच्या नावाने विकत घेतले होते आणि त्यातला एक कणही तिच्या फोनला गिळता येण्याजोगा नव्हता. परसात फोन लागण्याची सोय मात्र मी घेतली नव्हती. कारण ती सोय विक्रीला आहे की नाही, हे विचारण्याचेच मला सुचले नव्हते. त्या कंपनीचे नाव मी येथे सांगत नाही. एकीचे नाव घेतले की बाकीच्या सोवळ्या ठरतात, आणि शिवाय त्या प्रकरणातला पहिला आरोपी मी स्वतः आहे.

कारण पाहा, खेड्यातल्या फोनचा प्लॅन खेडे निवडत नाही. शहरात बसलेला मुलगा, पुतण्या, जावई निवडतो. तो आपल्या मापाने निवडतो. लोकलमध्ये उभ्याने सिनेमा पाहणाऱ्याला जीबी म्हणजे श्रीमंती वाटते, आणि तीच श्रीमंती तो आईबापांना पाठवतो. गिरगावातून कोकणात लोकरीचा कोट पाठवावा, तसा हा प्रकार. कोट उंची आहे यात शंका नाही. पण घालायचा कोणी आणि कधी?

आता २८ दिवसांच्या महिन्याकडे वळू. वर्षाचे दिवस ३६५; त्याला २८ ने भागा. तेरा रिचार्जे होतात. आपल्या पंचांगात अधिक मास येतो तो सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी एकदा. २०२३ साली श्रावण अधिक, २०२६ साली ज्येष्ठ अधिक. मोबाईलच्या पंचांगात अधिक मास दरवर्षी! बरे, धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारशांचे वाण तरी मिळते. येथे आपणच जावई, आपणच सासरा आणि वाण तिसऱ्याच्या घरात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२२ च्या जानेवारीत आज्ञा काढली, की प्रत्येक कंपनीने निदान एक प्लॅन पुऱ्या ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा असा ठेवलाच पाहिजे. कागदावर ते आले. पण दुकानात जाऊन “रिचार्ज मार” म्हणा, पोरगा हमखास २८ चाच मारील. तुम्ही तोंड उघडून मागितल्याशिवाय ३० दिवसांचा महिना तुम्हाला कोणी देणार नाही.

एक काळ असा होता, की गरिबाचा फोन दहा रुपयांच्या टॉपअपवर तगून राहत असे. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना मोबाईल लावला, तेव्हा ती चैन होती. २००३ साली येणारा फोन फुकट झाला आणि मोबाईल भाजीवालीच्या कनवटीला आला. पुढे दोन-तीन वर्षांत ‘आजन्म’ मुदतीची कार्डे निघाली. आजन्म म्हणजे कोणाचा जन्म, असे विचारले असते तर कळले असते, की तो कंपनीच्या परवान्याचा, ग्राहकाचा नव्हे. तरी त्या दिवसांत खेड्याने मिस्ड कॉलची एक भाषाच बनवली होती. एक घंटी म्हणजे ‘पोचलो’, दोन म्हणजे ‘फाट्यावर न्यायला या’, तीन म्हणजे ‘काही तरी बिनसले आहे, तुम्ही लावा’. एक पैसा न मोडता सारा संसार बोलला जाई. २०१८ च्या अखेरीस मोठ्या खासगी कंपन्यांनी फोन जिवंत ठेवण्यासाठी दर २८ दिवसांना किमान ३५ रुपये असा दंडक घातला आणि ती भाषा बंद पडली. २०२४ च्या जुलैत तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा एअरटेलचा २८ दिवसांचा अमर्याद बोलण्याचा सर्वांत स्वस्त पॅक १७९ वरून १९९ रुपयांवर गेला. आता ३५ रुपयांत मोजके बोलणे होते आणि १९९ मध्ये पोटभर आहे, हे मला मान्य आहे. पण ज्याला बोलायचे नाही, फक्त मुलाचा फोन यावा म्हणून जागे राहायचे आहे, त्याने पोटभर जेवणाचे पैसे का म्हणून द्यावेत?

हे ट्रायलाही पटले असावे. २०२४ च्या डिसेंबरात तिने कंपन्यांना डेटा नसलेला, नुसत्या बोलण्याचा आणि संदेशांचा पॅक ठेवणे भाग पाडले आणि अशा पॅकची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. २०२५ च्या जानेवारीत असे पॅक आले. त्या वेळी एअरटेलचा वर्षाचा पॅक १८४९ रुपयांना होता. १९९ चे तेरा रिचार्ज केले तर २५८७ होतात. म्हणजे ७३८ रुपये वाचले आणि तेरा वेळा मुदत सांभाळण्याची कटकट गेली. दर पुढेमागे होतात, म्हणून हेच आकडे धरून बसू नका. पण आकड्यांची ही मांडणी मात्र कागदावर करून पाहा. वर्षाची रक्कम मांडल्याशिवाय कोणताही प्लॅन स्वस्त म्हणू नका.

आता कंपन्यांची बाजू ऐका, कारण ती ऐकल्यावाचून निवाडा देणे बरे नव्हे. त्या म्हणतात, डोंगरातल्या वाडीत टॉवर उभा करायला जेवढा खर्च येतो, तेवढे गिऱ्हाईक तेथे नाही. घाटात लहरी अडतात, पावसाळ्यात वीज जाते, डिझेल डोक्यावरून न्यावे लागते. हे सगळे खरे आहे. २०२४ च्या मार्चअखेर शहरात दर शंभर माणसांमागे १३० हून अधिक फोनजोडण्या होत्या, खेड्यात साठीच्या आत. व्यापारी गर्दीकडे जाणार, हे उघड आहे.

पण सरकारने ही अडचण फार पूर्वीच ओळखली होती. म्हणून तर २००२ पासून सार्वत्रिक सेवेचा निधी सुरू झाला. कंपन्यांच्या महसुलातला पाच टक्के हिस्सा त्यासाठी घेतला जातो, आणि तो अर्थातच शेवटी तुमच्या-माझ्या रिचार्जातून येतो. आता त्याला डिजिटल भारत निधी म्हणतात. २०२२ च्या जुलैत केंद्रीय मंत्रिमंडळाने २४,६८० गावांपर्यंत ४जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले. म्हणजे खेड्याच्या नावाने वर्गणी गोळा होत आहे, आणि ती खेडूतही भरतो आहे. गणपतीची वर्गणी ज्याने दिली त्याने आरतीला उभे राहिले तर त्यात उपकार कसला? रेंज मागणे ही याचना नाही. भरलेल्या पैशांची ती पावती आहे.

नियमांतही एक चमत्कारिक भोक आहे. ट्रायच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे एखाद्या जिल्ह्यात २४ तासांहून अधिक काळ सेवा बंद पडली, तर प्रीपेड ग्राहकाची मुदत त्या मानाने वाढवून द्यावी लागते. फार उत्तम! पण आमच्या परसात सेवा एक दिवस बंद नव्हती. ती मुळात कधी सुरूच झाली नव्हती. जिल्हा एक दिवस मुका झाला तर भरपाई आणि वाडी जन्मापासून मुकी असली तर काही नाही? जो कधी जेवलाच नाही त्याचा उपास मोजायचा नाही, असाच हा न्याय झाला.

यावर उपाय नाही असे नाही. २०२५ च्या जानेवारीत सरकारने एक चांगली सोय सुरू केली: निधीच्या पैशांतून उभारलेल्या टॉवरवर बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ या तिघांच्या ग्राहकांना एकमेकांची ४जी सेवा वापरता यावी. गावात पाणवठा एक असेल तर त्यावर सगळ्यांची घागर बुडाली पाहिजे, हे या देशाला मोठ्या लढ्यानंतर पटले आहे. तेच तत्त्व टॉवरला लावायला काय हरकत आहे? जेथे एकच टॉवर आहे तेथे तो सगळ्यांचा असावा, मग तो कोणाच्याही पैशाने उभा असो. भाडे त्यांनी आपापसांत वाटून घ्यावे. आणि ज्या पत्त्यावर रिचार्ज विकायचे, त्या पत्त्यावर सेवा मिळते की नाही हे विकणाऱ्याने आधी सांगावे. न सांगता विकले आणि सेवा मिळाली नाही, तर पैसे परत द्यावेत. माझ्या या दोन मागण्या आहेत; आणि धान्याच्या दुकानातसुद्धा यापेक्षा कमी कोणी मागत नाही.

पण सरकार हलेपर्यंत काकूने परसात पडून राहावे काय? म्हणून आता निवडीची रीत सांगतो. ती मला त्या घोट्याने शिकवली.

त्या वर्षीच्या दिवाळीत मी फणसाखालच्या मंडळींना हाक मारली. चार निरनिराळ्या कंपन्यांचे चार फोन मागून घेतले आणि घरभर हिंडलो: ओटी, माजघर, स्वयंपाकघर, परस, न्हाणी, गोठा, विहीर. प्रत्येक जागी प्रत्येक फोनवरून बोलून पाहिले. नुसत्या दांड्या मोजल्या नाहीत, कारण दांड्या दिसतात आणि बोलणे तुटते असे पुष्कळदा होते. सकाळी पाहिले, रात्री पाहिले, आणि वीज गेल्यावर मुद्दाम पाहिले. टॉवरच्या बॅटऱ्या किती वेळ टिकतात, ते कोणत्याही जाहिरातीत नसते. ते काळोखातच कळते. चौघांपैकी जो सर्वांत स्वस्त, तो परसात मुका निघाला. जो फणसाखाली सर्वांत जोरात, तो स्वयंपाकघरात गप्प. एकच असा निघाला की न्हाणीपाशी पुटपुटत का होईना, पण बोलत होता. तोच आमचा प्लॅन!

यात जादू काही नाही. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून बऱ्यापैकी शिरतात. १८००, २३०० च्या लहरी माल जास्त वाहतात पण लवकर दमतात. मध्ये डोंगराचा खांदा आला, वर पत्रा आला, की त्या तेथेच बसतात. म्हणून शेजारच्या गावात चालते ते तुमच्या घरी चालेलच असे नाही. नव्हे, ओटीवर चालते ते परसात चालेल असे नाही. कंपन्यांना आता आपापल्या संकेतस्थळावर सेवेचे नकाशे ठेवावे लागतात. ते जरूर पाहा. पण नकाशा म्हणजे वधूवरांची पत्रिका. घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सोयरीक करू नये.

दुसरी गोष्ट, फोन कोणता आहे ते पाहा. जिओ २०१६ च्या सप्टेंबरात आले ते ४जी घेऊनच. त्यांच्याकडे जुने २जी कधीच नव्हते. म्हणून जुन्या साध्या फोनमध्ये ते सिम घातले तर चालणार नाही. ४जीवर बोलणारे बटणांचे फोनही मिळतात. तसा घ्यावा लागेल. उलट, काही डोंगरी गावांत अजून २जीच काय ते पोचते. तेथे नव्या फोनचा तोरा चालत नाही. घरात वायफाय आले असेल, तर वायफायवरून बोलण्याची सोय फोनमध्ये आणि कंपनीत आहे का, तेही विचारा. टॉवर नसलेल्या घराला त्याचा मोठा आधार होतो.

तिसरी गोष्ट, नंबर बदलेल म्हणून भिऊ नका. २० जानेवारी २०११ पासून सबंध देशात नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. पोर्ट हा शब्द इंग्रजी अक्षरांत, पुढे जागा सोडून आपला नंबर, असा संदेश १९०० वर पाठवायचा. उत्तरादाखल एक संकेतांक येतो. तो चार दिवसांच्या आत नव्या कंपनीला द्यायचा. सिम जुन्या कंपनीकडे निदान ९० दिवस चाललेले असले पाहिजे, आणि प्रीपेडमधली शिल्लक बुडते, म्हणून मुदत संपत आली असताना बदलावे. काकूचा नंबर तिच्या माहेरच्या चार घरांत भिंतीवर कोळशाने लिहिलेला आहे; तो तसाच राहिला.

आणि या तिन्ही गोष्टी झाल्यावर मग, सर्वांत शेवटी, प्लॅन! तो माणूस पाहून घ्या. ज्याला बोलायचे आहे त्याला बोलण्याचा, ज्याच्या घरात शिकणारी मुले आहेत त्याला डेटाचा. आणि म्हाताऱ्या माणसाला शक्य तो वर्षाचा, म्हणजे मुदत संपली म्हणून ऐन पावसात फोन मरायला नको.

उद्या-परवा भाऊबीज आहे. ताटात घालायला पुष्कळजण बहिणीच्या नंबरवर रिचार्ज मारतील. मारावे. पण त्याआधी तिच्या घरी जाऊन, चुलीपाशी, गोठ्यात, विहिरीवर एकेकदा फोन लावून पाहावा. दुकानदाराने विचारले, “कुठला प्लॅन मारू?” तर त्याला उलट विचारावे, “परसात कुठला वाजतो?” त्याला उत्तर येणार नाही. पण शंभर गिऱ्हाइकांनी हेच विचारले तर त्याला ते वर विचारावे लागेल, आणि वरच्याला आणखी वर.

काकूचा फोन आता परसात लागतो. रोज दिवेलागणीला मी तिला लावतो. परवा दोन वाक्ये बोललो असेन-नसेन, तोच ती म्हणाली, “ठेव आता, दूध उतू जाते आहे,” आणि फोन बंद झाला. कितीतरी वर्षांनी बोलणे तिने तोडले होते; रेंजने नव्हे.